हवामानानंतर

६ फेब्रुवारी, सोमवार

लेकीने तिच्या बँकेची डायरी दिली होती, ती कोरीच पडून होती. जाड कागद, दिवसाला एक पान. वाया घालवायला जीव होत नाही. हिशेबाची वही वेगळी आहे, तिच्यात मनातलं लिहिलेलं बरं दिसत नाही. म्हणून आजपासून इथे.

आज ह्यांच्या रेडिओ केंद्रावरचा बातम्यांचा विभाग बंद झाला. ह्यापुढे बातम्या मोठ्या केंद्रावरून तयार येणार, इथे बसून कोणी वाचायच्या नाहीत. संध्याकाळी हे आले ते खुर्चीवरची उशी आणि पाण्याचा पेला घेऊन. एवढी वर्षं तिथे काढली, आणि निघताना सामान एवढंच. मी विचारलं, "काय म्हणाले साहेब?" तर म्हणाले, "उद्यापासून डबा नको." हातपाय धुतले आणि पानावर बसले.

हे असेच आहेत. आवाज गावभर, आणि घरात एकेक शब्द तोलून. सासूबाई होत्या तेव्हा म्हणायच्या, ह्याचं सगळं बोलणं बाहेरच खर्च होतं, घरी येईपर्यंत खिसा रिकामा. मी कधी तक्रार केली नाही. संध्याकाळी स्वयंपाकघरात रेडिओ लावायचे, तेवढंच ह्यांचं बोलणं कानावर पडायचं. बातम्या झाल्या, हवामान आलं, की बंद करायचे. त्यापुढे काही नसतं, आणि सेल काही फुकट येत नाहीत.

आजही सवयीने हात गेला. कोणी दुसराच वाचत होता. हे म्हणाले, "बंद कर." हवामानापर्यंतही गेलं नाही.

देवा, ह्यांना रिकामं बसवू नकोस. रिकामा पुरुष घरात मावत नाही.

१५ फेब्रुवारी, बुधवार

मावत नाहीतच. सकाळपासून खोल्यांतून फेऱ्या. साबणाच्या कागदावरचं, औषधाच्या बाटलीवरचं मोठ्याने वाचून दाखवतात, बातमी असल्यासारखं. "थंड व कोरड्या जागी ठेवावे." मी म्हटलं, ठेवलंय हो, कोरड्याच जागी आहे.

माझा चष्मा सापडेना. अर्धं घर पालथं घातलं. हे पेपर वाचत होते. मान वर न करता स्वतःच्या कपाळावर बोट टेकवलं. माझा कपाळावरच होता. एवढ्या कामाला एक शब्द लागला नाही त्यांना.

संध्याकाळी लेकीचा फोन. मी नेहमीसारखी उभ्यानेच घेतला, बसलं की बोलणं लांबतं. मागून जावईबापू म्हणाले, "आई, बाबांना द्या जरा." त्यांच्या ओळखीचा एक स्टुडिओ आहे. जाहिराती, माहितीच्या फिती, फोनवरच्या सूचना, ह्या सगळ्यांना मागून आवाज लागतो, त्याला व्हॉइसओव्हर म्हणतात. "आवाज तर बाबांकडे आहेच. फक्त दुकान बदलायचं." हे ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, "बघू." बघू म्हणजे जाणार. मला कळतं.

२१ फेब्रुवारी, मंगळवार

इस्त्रीचा शर्ट घालून गेले, कोमेजून आले. स्टुडिओ चालवणारा मुलगा आपल्या जावयाहून लहान. गळ्यात कायम हेडफोन अडकवलेला असतो म्हणे, म्हणून आम्ही त्याला हेडफोनवालाच म्हणतो. गादीची जाहिरात वाचायला दिली. ह्यांनी वाचली. तो म्हणाला, "काका, गादी विकायचीय आपल्याला. कोणी गेलेलं नाहीये."

मी हसले. मग ह्यांच्याकडे बघून तोंड आवरलं.

जेवताना स्वतःहूनच बोलायला लागले. रेडिओवर शिकवलेलं असतं, की पूर आला तरी तोच आवाज आणि सामना जिंकला तरी तोच. निवेदकाने आपलं सुखदुःख दाराबाहेर चपलांपाशी ठेवायचं. आता हा मुलगा म्हणतो, आत घेऊन या. "लाखो लोकांशी बोलू नका काका, एका माणसाशी बोला. कोणीतरी जवळचं डोळ्यापुढे आणा आणि त्याच्याशी बोला." ह्यांनी विचारलं, "आणि नाही आलं तर?" तो म्हणाला, "मग माझ्याकडे काम नाही."

एका बैठकीत इतकी वाक्यं मी ह्यांच्या तोंडून घरात पहिल्यांदाच ऐकली. भात गार झाला.

५ मार्च, रविवार

घराचं काय झालंय ते देवालाच ठाऊक. आतल्या खोलीतलं मोठं कपाट आता ह्यांचा स्टुडिओ. जावईबापूंनी माईक आणून दिला. म्हणे कपड्यांत आवाज घुमत नाही, बसतो. खालचा कप्पा काढला, आत स्टूल ठेवलं, दोन्ही बाजूंना माझे ठेवणीतले कपडे लटकताहेत, दाराला रजई ठोकलीय. चांगली रजई. खिळे मारले तिला.

दार लावून घेतलं की घराने श्वासही घ्यायचा नाही. भिंतीवरचं घड्याळ काढलं, ते आता गुंडाळून डब्यात आहे. फ्रीज घुरघुरतो म्हणून बंद केला आणि लावायचा राहिला. दूध नासलं. मी पातेलं तसंच ह्यांच्या समोर ठेवलं. बघितलं, म्हणाले, "हं." हं म्हणजे चुकलं. पण नुसत्या हं-ने चहा होत नाही.

पूजेची घंटाही सकाळी वाजवायची नाही. देवाला म्हटलं, हात जोडते, आवाज करत नाही, तू समजून घे. तो घेतो. तोही ह्यांच्यासारखाच, ऐकतो सगळं आणि बोलत काही नाही.

९ मार्च, गुरुवार

आज मला समोर बसवलं. कपाटाचं दार उघडं, आत हे, बाहेर पाटावर मी. म्हणाले, "तू ऐक फक्त." कागद समोर धरला, घसा साफ केला.

"दिवसभराच्या कामाने थकलात ना?"

मी म्हटलं, "थकते तर. पण आपली गादी चांगली आहे अजून, मागच्या वर्षीच कापूस पिंजून घेतलाय."

"अगं, तू उत्तर द्यायचं नाही."

"मग विचारता कशाला?"

परत सुरू केलं. "पाठ दुखते? झोप लागत नाही?" असं थेट माझ्याकडे बघून विचारायला लागले. अख्ख्या संसारात ह्यांनी मला पाठ दुखते का असं विचारलेलं आठवत नाही. दुखते. मला काय झालं कळेना, मी पदर तोंडाशी धरला. ह्यांचाही शब्द अडकला. कागद खाली ठेवला. म्हणाले, "तू समोर बसलीस की जमत नाही. तू जा आत."

गेले आत. डाळ निवडली. नीट निवडलेलीच होती, परत निवडली.

१६ मार्च, गुरुवार

जमलं. कसं ते मला विचारू नका.

आठवडाभर कपाटाचं दार बंद. मी बाहेरून कपडे घडी करता करता ऐकत होते. शब्द कळत नाहीत रजईमुळे, पण आवाज निराळाच. बातम्यांचा नाही. खालच्या पट्टीतला, मधूनच हसल्यासारखा. ह्या आवाजाचा माणूस मी ओळखत नाही.

आज स्टुडिओतून आले ते पायऱ्या दोन-दोन चढत. हेडफोनवाल्याने हेडफोन काढून ठेवला म्हणे. म्हणाला, "काका, सापडलं. आता सांगा, कोणाशी बोलताय?"

मी विचारलं, "मग काय सांगितलंत?"

"काही नाही."

"कोणाशी बोलता पण?"

"आहे एक," म्हणाले आणि टॉवेल घेऊन न्हाणीघरात गेले. आतून शीळ ऐकू आली.

शीळ.

१९ मार्च, रविवार

जप करायला बसले, मणी पुढे सरकतात आणि नाम मागेच राहतं. आहे एक. कोण एक?

मला तर एकच नाव दिसतं. ह्यांच्या जोडीने बातम्या वाचायच्या त्या बाई. एक बातमी ह्यांची, एक त्यांची. ह्यांनी सोडलं की त्या उचलायच्या, त्यांनी सोडलं की हे. कधी एकमेकांच्या पायात पाय आला नाही. इतकी वर्षं मी ते स्वयंपाकघरात ऐकलं आणि मनात वाईट आलं नाही, देवाशपथ. आज येतंय. माझं आणि ह्यांचं असं बोलणं कधी झालं? मी दहा बोलावं तेव्हा ह्यांचं एक.

लेकीला फोनवर आडून विचारलं, बाबा स्टुडिओत कोणाकोणाला भेटतात गं. ती म्हणाली, "आई, ते कपाटात बसतात. कपाटात कोण भेटणार?" आणि हसत सुटली. तिला काय कळतंय.

२७ मार्च, सोमवार

मोठं काम आलंय. इथल्या मोठ्या हॉस्पिटलला फोनसाठी आवाज हवाय. लोक फोन करतात, रांगेत थांबतात, तेवढ्या वेळात त्यांच्याशी बोलणारा आवाज. हॉस्पिटलवाल्यांना घरगुती हवंय, म्हणून हेडफोनवाला म्हणाला, मुद्दे देतो, शब्द तुमचे घाला. पसंत पडलं तर त्यांच्या सगळ्या शाखांचं काम, वर्षभराचं. नाही पडलं तर गादी, पंखे, असंच किडुकमिडुक. ह्यांनी मान्य केलं नाही तरी मला दिसतंय, हे हुकलं तर हा माणूस परत साबणाचे कागद वाचायला लागेल.

आज नमुना हॉस्पिटलच्या एका नंबरावर चाचणीसाठी चढवला. हे भाजी आणायला गेले तेव्हा मी फोन लावला. उभ्यानेच. घंटा गेली, आणि हे.

"आलात? बरं झालं. जरा वेळ लागेल, पण मी इथे आहे. उभ्याने बोलू नका. बसा आधी. पाठ टेका. कार्डावरचा नंबर लागेल, चष्मा शोधत असाल तर घरभर फिरू नका, कपाळावर हात लावून बघा. पाणी प्यायलात का सकाळपासून? दुसऱ्यांचं करता करता स्वतःचं राहून जातं."

इतकं ऐकलं आणि फोन ठेवला. उगाच चालू ठेवून बिल कशाला वाढवायचं.

म्हणजे त्या बाईंनाही चष्मा आहे तर. आणि त्याही कपाळावर ठेवतात. आणि पाठही दुखते त्यांची. ह्यांना त्यांचं सगळं ठाऊक आहे. पाणी प्यायलात का म्हणे. मला कधी विचारलंय?

माझ्या पाठीत आज जास्तच कळ आहे. पाणी प्यायले. सकाळपासून प्यायलेच नव्हते.

३० मार्च, गुरुवार

घोटाळा झाला. हेडफोनवाल्याचा फोन, मग ह्यांचा चढलेला आवाज, मग जावईबापूंचा फोन. झालंय असं. त्या निरोपाच्या शेवटी हे म्हणतात, आता तुमचा फोन जोडून देतो. मग गप्प. मग नमस्कार. ती जी मधली जागा आहे, तिथे ऐकणाऱ्याला वाटेल फोन तुटला. हेडफोनवाला म्हणतो, कापतो तेवढं, दोन शब्द जवळ आणतो, कोणाला कळणारही नाही. हे म्हणतात, तेवढं राहू दे, नाहीतर दुसरा माणूस बघा.

मी म्हटलं, "अहो, एका श्वासासाठी?"

"हो."

"काय असतं त्या श्वासात?"

हे उठले. कपाटात जाऊन बसले. माईक बंद, नुसतेच बसले.

इतका हट्टी हा माणूस कधीच नव्हता. मीठ कमी पडलं तरी मुकाट जेवणारा. त्या श्वासात काहीतरी त्या बाईंचं आहे, दुसरं काय असणार. मग त्याच सांगू देत ह्यांना. त्यांचं ऐकतील.

१ एप्रिल, शनिवार

गेले होते. ह्यांना सांगितलं, किराणा आणायला जाते. देवापुढे दिवा लावून आधी खोट्याची माफी मागून घेतली.

बाई एकट्याच राहतात, नदीच्या पलीकडे, तिसऱ्या मजल्यावर. दार उघडलं. मी आधी कपाळाकडे बघितलं. चष्मा नाही. कपाळावरही नाही आणि नाकावरही नाही. टेबलावर बारीक अक्षराचं पुस्तक उघडं, नुसत्या डोळ्यांनी वाचत होत्या. चांगल्या ताठ चालतात, पाठीचं काही दुखणं दिसलं नाही. मला बसवून स्वतःच तांब्याभर पाणी गटागटा प्यायल्या. अशा बाईंना पाणी प्या म्हणून कोण सांगेल?

मी कामाचं सांगितलं. म्हटलं, तुमचं ऐकतील, तेवढी जागा कापू द्या म्हणावं.

त्या म्हणाल्या, "माझं? वहिनी, आम्ही शेजारी बसून बातम्या वाचल्या, पण बातम्यांखेरीज ते माझ्याशी काय बोलले असतील ते मी एका पोस्टकार्डावर लिहून देईन. तेही पत्ता लिहायला जागा ठेवून."

मग हसायच्या थांबल्या. "ती जागा अजून सोडतात?"

"कुठली जागा?"

"नमस्काराच्या आधीची. अहो, त्यापायी मेमो खाल्लेत त्यांनी. रेडिओवर शांतता म्हणजे गुन्हा. साहेबांनी बोलावून विचारलं, बातम्या संपल्या, हवामान झालं, मग नमस्कार म्हणायला थांबता कशाला? ते म्हणाले, घरी हात ओले असतात. पुसून रेडिओपाशी यायला तेवढा वेळ लागतो. मग मी नमस्कार म्हणतो." बाई माझ्याकडे बघत होत्या. "सगळ्या केंद्राला माहीत होतं. आम्ही चिडवायचो, निघाले घरी. तुम्ही ऐकतच असाल की रोज."

मी म्हटलं, "हो. ऐकायचे की."

बाईंनी चहा दिला. गोड होता का कसा, काही आठवत नाही. किराणा न घेताच घरी आले. हे म्हणाले, "पिशवी रिकामी?" मी म्हटलं, दुकान बंद होतं. आजचं दुसरं खोटं. तिसरंच असेल, मोजवत नाही.

२ एप्रिल, रविवार

रेडिओ काढून पुसला. लावला नाही. त्यात आता काय आहे.

एवढ्या वर्षांचे सेल वाचवले मी. कुठे आहेत ते?

अजूनही मला खात्री नाही. लोक चेष्टेत काहीही म्हणतात, बाईंनी रंगवूनही सांगितलं असेल. ह्यांना विचारावं तर काय विचारायचं? आणि विचारलं की मलाही सांगावं लागेल, हवामान आलं की मी काय करायचे ते. ते सांगायचं नाही. त्यांनी रोज तिथे जिला उभं केलं होतं, ती तिथेच उभी राहू दे.

३ एप्रिल, सोमवार

हे अंघोळीला गेले आणि फोन वाजला. हेडफोनवाला.

"काकू, काकांना समजवा हो. आज दुपारी हॉस्पिटलला फायनल द्यायचंय. तुम्ही नुसतं हो म्हणा, मी कापतो. त्यांना कळायचंही नाही. नाहीतर हे काम गेलं असं समजा."

आतून पाण्याचा आवाज येत होता. वर्षभराचं काम. ह्यांचं दोन-दोन पायऱ्या चढणं. ह्यांची शीळ. एक हो म्हटलं की सगळं घरात. मी हिशेब केला, नाही असं नाही. वही न उघडता केला.

मी म्हटलं, "कापू नका."

"काकू?"

"आहे तसं द्या. गेलं तर गेलं."

"पण तिथे आहे काय, सांगाल का कोणी मला?"

"हात ओले असतात हो माणसाचे," मी म्हटलं. "पुसायला वेळ नको द्यायला?"

"कोणाचे हात?"

"कोणाचेही. हॉस्पिटलला फोन करणारं माणूस काय हातावर हात ठेवून बसलेलं असतं?"

 मग म्हणाला, "बरं. तुम्ही म्हणता तर." फोन ठेवला तेव्हा लक्षात आलं, मी खुर्चीत बसून बोलत होते.

हे बाहेर आले. "कोणाचा फोन?"

"आहे एक," मी म्हटलं.

६ एप्रिल, गुरुवार

काही कळलेलं नाही. हे काही विचारत नाहीत, मी काही सांगत नाही. ह्यांनी काल डाळीच्या पुडीवरचं वाचलं, मोठ्याने.  देवापुढे नुसती बसून राहिले, मागायचं काय ते सुचेना. काम मिळू दे म्हणावं, तर हातातलं काम मीच उधळलंय.

घंटा वाजवली आज. कपाटात कोणी नव्हतं.

१० एप्रिल, सोमवार

झालं पसंत. हेडफोनवाल्याने सांगितलं, हॉस्पिटलच्या लोकांनी ऐकलं आणि त्या जागेबद्दल कोणी अवाक्षरही काढलं नाही. त्यांच्या ध्यानातच आलं नाही म्हणे. इतक्या लोकांच्या झोपा उडवल्या त्या एका श्वासाने, आणि हे असं. ह्यांना वाटतंय त्या मुलालाच अक्कल सुचली. वाटू दे.

आजपासून नंबर चालू. हे कपाटात बसलेत, दुसऱ्या शाखेचं करताहेत. रजईला मी आतून अस्तर लावून दिलंय, खिळ्यांनी फाटत होती.

भांडी घासत होते. मध्येच उठले, तशाच ओल्या हातांनी फोन लावला. घंटा गेली. आलात? बरं झालं. बसले. पाठ टेकली. चष्मा कपाळावर होता, तो नाकावर घेतला, वाचायचं काही नव्हतं तरी. पाणी प्यायलात का. हो, म्हटलं मनात. ह्या वेळी ठेवला नाही. बिल येईल ते येईल.

आता तुमचा फोन जोडून देतो, म्हणाले.

मग गप्प. मी पदराला हात पुसले. एक पुसला, फोन ह्या हातातून त्या हातात घेतला, दुसरा पुसला. बरोबर तेवढाच वेळ होता.

"नमस्कार."

खट्‌ झालं आणि एक मुलगी बोलायला लागली. "हॅलो, हॉस्पिटल. बोला, कोणाशी बोलायचंय?"

मी म्हटलं, "झालं बोलून."